रिंग राहिली

"बेल्ट?"

"निघाला."

"स्ट्रॅप?"

"निघाला."

"कफ?"

"निघाला, मामा. आवरा लवकर."

"रिंग..." मामा म्हणाले आणि त्यांचा हात पेशंटच्या बोटांवर थांबला.

टेबलावर हात मोडलेला गवंडी होता, त्याला उठवून प्लास्टरला न्यायचं होतं. त्याच्या बोटाला रिंग लावलीच नव्हती. रिंग लावली होती त्याच्या आधीच्या बाईला. शिवणवालीला.

दवाखान्यात पट्ट्या बांधायचं काम मामांचं. शाळेशी त्यांचं चौथीतच फाटलं होतं, पण ही चार-सहा इंग्रजी नावं पाढ्यासारखी पाठ. पेशंटच्या अंगाभोवती जे जे आवळलं, ते ते त्याला उठवायच्या आधी नाव घेऊन, हात लावून सोडायचं. मामांनी नाव घ्यायचं, सिस्टरने 'निघाला' म्हणायचं. घरी बायको हसायची, "तुमचं सगळं इंग्रजी आवळाआवळीचं. मोकळं करायचा एखादा शब्द शिका की!"

सकाळी त्या शिवणवालीच्या बोटात मशीनची सुई मोडली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन बोट बधिर केलं, रबरी हातमोज्याचा तुकडा कापून त्याची रिंग बोटाच्या मुळाशी चढवली, म्हणजे रक्त थांबतं, आणि सुई काढली. काढली की ते आत ऑपरेशनला पळाले. मामा 'कफ'पर्यंत आले, तेवढ्यात बाहेर या गवंड्याला घेऊन माणसं ओरडत आली. सिस्टर धावली. मामांनी घाईघाईत पट्टी बांधली. पांढऱ्या रबरावर पांढरी पट्टी.

"सिस्टर, ती बाई कधी गेली?"

सिस्टरने घड्याळ बघितलं. तिचं तोंड उतरलं. "सव्वा तास झाला असेल."

मामा वहीतला नंबर शोधायला पळाले. गवंडी म्हणाला, "अहो, माझा हात?"

"तुझा हात मोडलाय, मरत नाहीये. गप पड."

तीनदा घंटा वाजून वाजून फोन बंद झाला. चौथ्यांदा उचलला. मागे मशीन खडखडत होती.

"दवाखान्यातून मामा बोलतोय. पट्टीवाला. आधी ती मशीन थांबव."

"अहो मामा! काय हात आहे तुमचा! जरासुद्धा दुखत नाही बघा. बोट आहे का नाही तेच कळत नाही."



"पोरी, कात्री घे. पट्टी कापून टाक."

"कापू? डॉक्टर म्हणाले, तीन दिवस हात लावायचा नाही."

"मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगताय, पण डॉक्टर ते आहेत. त्यांना द्या फोन."

"ते ऑपरेशनमध्ये आहेत."

"मग संध्याकाळी येते. गिऱ्हाईक दारात बसलंय, फ्रॉकची एकच शिलाई राहिलीय." मशीन परत सुरू झाली.

मामांनी सिस्टरकडे बघितलं. औषध बदलायचंय, असं काहीतरी ठोकून द्यावं, असं तोंडाशी आलं. पण त्याने ती ऐकणार नव्हती. आणि वेळ नव्हता.

"बाई, माझ्या हातून चूक झाली," मामा म्हणाले. "रक्त थांबवायची रिंग आत राहिलीय. पट्टीखाली. तुझ्या बोटात सव्वा तास रक्त गेलेलं नाही. आत्ता नाही सोडलंस तर बोट जाईल."

मशीन थांबली.

"कापड धरायचं बोट आहे ते," ती हळूच म्हणाली. "मामा, त्याच्याशिवाय मी काय करू?"

"कात्री घे. मोठी नको, धागे तोडायची."

कातरल्याचा आवाज आला. मग नुसता श्वास.

"कसं दिसतंय?"

"पांढरं. मेणबत्तीसारखं. गार पडलंय हो मामा!"

"मुळाशी रबर असेल."

"रुतलंय. टोक आत जात नाही. मला कळतच नाहीये, रबर कापतेय का बोट!"

"रडू नको. टाका उसवतेस ना? सुईने उचलायचा आणि मग कापायचा. कापडाला ओरखडा जाऊ देतेस का कधी?"

"नाही."

"मग तसंच."

मामांनी डोळे मिटले. सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. गवंड्याने आपला मोडका हात पोटाशी धरला होता, पण कण्हायचं तोही विसरला होता.

"तुटलं," ती म्हणाली.

"रंग?"

"तसाच."

"हात खाली सोड. थांब जरा."

"थांबले."

"आता?"

"तसाच आहे. मामा, काहीच होत नाहीये. मामा, काहीच होत नाहीये हो!"

मामा घड्याळाकडे बघत राहिले. फोनमधून बाहेरच्या गिऱ्हाइकाचा आवाज आला, झालं का म्हणून.

मग ती जोरात किंचाळली.

"काय झालं? पोरी, काय झालं?"

"रक्त! फ्रॉकवर! पांढरं सॅटिन होतं हो! गेलं सगळं!"

"लाल आहे का?"

"मग काय, हिरवं असतं का?"

"दाबून धर. दाब आणि मिळेल त्या गाडीने इकडे ये, डॉक्टरांना दाखवू."

पण ती ऐकायच्या पलीकडे गेली होती. पट्टी बांधता येत नसेल तर दोरखंड वळा म्हणाली. आणखी बरंच काही म्हणाली. मामा हळूहळू खाली फरशीवर बसले.

"काय म्हणतेय?" गवंड्याने विचारलं.

"शिव्या देतेय," मामा म्हणाले, आणि फोन कानावर आणखी दाबून धरला.