ऐकण्यातली चूक

"तुम्ही गुरुवारच म्हणाला असाल, मॅडम. मला शुक्रवार ऐकू आलं. भाषा अजून नीट कळत नाही मला." एवढं बोलून मुलीने मान खाली घातली.

बाई संगणकाकडे बघत राहिल्या. परदेशातून सहा महिन्यांसाठी विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्यांना विषय निवडून देणं, त्यांची नोंदणी करून देणं, हे त्यांचं काम. कार्यालयात सगळे या मुलांना 'पाहुणे' म्हणत. पाहुण्यांना चार विषय घ्यावेच लागत. एक जरी कमी पडला तर राहण्याची परवानगी रद्द, आणि आठवड्याभरात सामान बांधायचं. या पाहुणीचे तीनच झाले होते. चौथा प्रयोगशाळेचा. त्याची नोंदणी बाकीच्यांच्या एक दिवस आधी, गुरुवारी दुपारी बंद झाली होती.

आणि बाईंना लख्ख आठवत होतं. दारापर्यंत रांग होती, फोन खणखणत होता, आणि रिसीव्हरवर हात ठेवून त्या या मुलीला म्हणाल्या होत्या, "शुक्रवारी आलीस तरी चालेल गं."

चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं.

"बघते काय करता येतं," बाई म्हणाल्या.

बाईंनी आत नेऊन दिलेला मुलीचा अर्ज साहेबांनी वाचला. "तिनेच लिहून दिलंय, ऐकण्यात चूक झाली म्हणून. मग आपण काय करणार?"

"उशिरा नोंदणी नाही करता येणार?"

"येते की. चूक कार्यालयाची असेल तर विभाग आजच्या आज करून देतो. पण आपली नाहीये ना?"

साहेबांच्या टेबलावर बाईंच्या नेमणुकीचा कागद होता. त्यावर दर वर्षी नव्याने सही लागायची. यंदा एक लेखी समज आधीच मिळाली होती, आणि नवरा पाच महिने घरी बसून होता.

"नाही," बाई म्हणाल्या.

जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तीच म्हणतेय ना तिची चूक? मग झालं तर. तू कशाला उकरून काढतेस?" पण खाई त्याला खवखवे. बाईंनी अर्धी पोळी ताटातच ठेवली.

सोमवारी पाहुणी परत जाण्याच्या कागदांवर सही घ्यायला आली. रांगेत तिच्या पुढे दुसरी एक पाहुणी होती, विषय बदलून घ्यायला आलेली. हिने तिला हळूच काहीतरी सांगायला सुरुवात केली. काचेच्या फटीतून ते बाईंना ऐकू येत होतं.

"मॅडम सांगतात ते लिहून घे. कळलं नाही तर पुन्हा विचार. मी अर्धवट ऐकलं आणि निघून गेले. त्या चांगल्या आहेत, रागावत नाहीत."

रांग तशीच सोडून बाई उठल्या आणि साहेबांच्या खोलीत शिरल्या. दार लावायचंही सुचलं नाही.

"शुक्रवार मीच सांगितला होता. तिने बरोबर ऐकलं."

साहेबांनी चष्मा काढला. "हे ती सिद्ध करू शकत नाही, बाई."

"मी सांगतेय ना. तसंच लिहा."

साहेबांनी नेमणुकीचा कागद सही न करता खणात टाकला आणि विभागाला फोन लावला.

दुपारी तीनला चौथा विषय नोंदला गेला. बाईंनी पाहुणीला समोर बसवून सगळं सांगितलं. साहेबांना 'नाही' म्हटल्याचंही लपवलं नाही. बोलता बोलता त्यांना हलकं वाटू लागलं. आता ही रडेल, हात हातात घेईल, आभारसुद्धा मानेल, असं मनात कुठेतरी येऊन गेलं.

पाहुणी रडली नाही. तिने पर्समधून मोबाइल काढला, नंबर लावला आणि तो बाईंपुढे धरला.

"माझी आई आहे. थोडं इंग्रजी येतं तिला," ती म्हणाली. "सुरुवातीपासून म्हणत होती, हिला नाही जमायचं, पाठवू नका. परवा मी तिला सांगून टाकलं, आई, तुझंच खरं होतं."

पलीकडे रिंग थांबली. कुणीतरी फोन उचलला.

"आता तुम्ही सांगा तिला."