बिननावाचा फॉर्म

आमच्या बँकेच्या मुलुंड शाखेत कामाच्या ताणाचा सर्व्हे आला. फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडल्यावर आम्ही बाराही जणांनी ठरवलं, या वेळी खरं काय ते लिहायचं. विमा विकायचं टार्गेट, रविवारचे फोन, बीपीच्या गोळ्या, सगळं. मी पेन धरून नुसतीच बसले होते, तर शेजारच्या काउंटरवरची रुचिरा म्हणाली, "अगं लिही ना. सगळेच लिहितोय."

सोमवारी साहेबांनी खुशीत निकाल वाचला. "अकरा जण एकदम मजेत आहेत. त्रास फक्त एकालाच आहे. कोण आहे बाबा?"



सगळ्यात आधी माझ्याकडे वळून पाहिलं ते रुचिरानं.