कललेली बोट

निवृत्तीनंतर गयासभाईंनी हौसेनं मालवणात एक छोटी बोट ठरवली होती. सगीराबींना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं, बोटीतच राहायचं. पण दुसऱ्याच सकाळी गोड्या पाण्याची टाकी कोरडी पडली आणि बोट डाव्या अंगाला कलली.

"टाकी फुटली वाटता. आता बंदराक परत जावचा लागतला," बोट चालवणारा तांडेल म्हणाला. गयासभाईंचं तोंड एवढंसं झालं. संभाजीनगरहून इतक्या लांब यायचं, ते दुसऱ्या दिवशी परत फिरायला?

गळती शोधायला तांडेल आणि गयासभाई खाली उतरले. डावीकडच्या बाकाखाली पातेली, डबे, किटली, थर्मास, सगळं काठोकाठ भरलेलं होतं. तांडेलाचे गमबूटही भरले होते आणि त्यांवर ताटल्या झाकल्या होत्या.

"सगीरा, ये क्या है?"

"अजी, पहाटे नळाला पाणी आलं होतं, भरून घेतलं," पदर खोचत सगीराबी म्हणाल्या. "आता आठ दिवस नाही आलं तर?"

तांडेलानं कपाळावर हात मारला. गयासभाई मात्र खरोखरच चिडले.


"पाणी आलं, तर मला उठवायचं नाही का? एकटीनं भरत बसलीस!"