पिवळा दिवा

पाळण्यावरचा दिवा पिवळा झाला आणि पाळणा म्हणणाऱ्या बायका मधल्याच ओळीवर थांबल्या. हल्ली बारशाच्या आदल्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत नेतात आणि निकाल बारशात पाळण्यावरच्या दिव्यात दिसतो. हिरवा दिवा लागला तर मूल निर्धोक. पिवळा लागला तर मधुमेहाचं जनुक जन्मतःच सोबत आलेलं.

सगळ्यांच्या नजरा निनादच्या सासऱ्यांकडे वळल्या. विलासराव रोज इन्सुलिन घेतात, हे कुणापासून लपलेलं नव्हतं.

"आमच्याकडूनच आलं हो, विहीणबाई," निनादच्या आईपुढे हात जोडून ते म्हणाले. "माझ्या लेकीला बोल लावू नका."

प्रयोगशाळेनं निनादला सकाळीच फोन करून सांगितलं होतं, की हे जनुक बाळाला आईकडून नाही, वडिलांकडून, म्हणजे त्याच्याकडूनच आलंय. कार्यक्रम पार पडला की घरात सांगू, असं त्यानं ठरवलं होतं.

विलासराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्याच्यासमोर आले. "जावईबापू, तुम्हाला कसली भीती? तोंड गोड करा." त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला पेढा भरवला आणि मग आवाज खाली आणला. "माझ्या आईचं नाव ठेवायचं ठरलं होतं ना, ते राहू द्या. आमच्याकडून मिळालं तेवढं पुरे झालं पोरीला."

मृण्मयी मान खाली घालून वडिलांशेजारी उभी होती.

बाळाच्या कानाशी वाकलेल्या धाकट्या बहिणीनं निनादकडे पाहिलं. "दादा, मग आपल्या आजीचं नाव सांगू?"

तोंडात पेढा होता. त्यानं नुसती मान डोलावली. पेढा केव्हाच विरघळून गेला, तरी निनाद चावतच राहिला.