सेक्टर तेरा

"हा आराखडा कॉर्बुझिए यांनी..."

"त्याच्या आधी एका अमेरिकन माणसाने केला होता," पहिल्या सीटवरून दिगंबरराव म्हणाले. "कॉर्बुझिए मागाहून आला."

"बरोबर आहे, काका," गिरिजा माइकमध्ये म्हणाली.

चंदिगडच्या सुखना तलावावरून बस निघून दहा मिनिटं झाली होती आणि ही तिसरी दुरुस्ती होती. पहिली तलावाच्या सालाची. दुसरी सेक्टरच्या लांबीची. गिरिजाने सव्वा किलोमीटर म्हटलं, तर दिगंबररावांनी बाराशे मीटर म्हणून पन्नास मीटर कापून घेतले.

सांगलीच्या या मंडळींच्या बसमध्ये सीट रोज एक रांग पुढे सरकायच्या. खिडकीवरून भांडणं नकोत म्हणून कंपनीने घालून दिलेली पद्धत. पाचव्या दिवशी दिगंबरराव सगळ्यात पुढे आले आणि तो नेमका चंदिगडचा दिवस निघाला. नगररचना खात्यातून निवृत्त झालेला माणूस. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही गाव वसवलं नव्हतं. वसलेल्यांच्या चुका मात्र शेकड्याने दाखवल्या होत्या.

अभिप्रायाचे फॉर्म पहिल्या सीटपासून मागे जायचे. त्यांच्यासोबत एकच पेन जायचं, आणि पेनासोबत पहिल्याचं मत. चार दिवसांत हे बदललं नव्हतं.

गिरिजा आजच्या दिवसापुरतीच बसमध्ये आली होती, पण हे तिच्या कानावर आलं होतं. नवऱ्याच्या हवाई दलातल्या बदलीमुळे ती इथे आली होती आणि तीन वर्षं हिंदीत शहर दाखवत होती. मराठीत आज पहिल्यांदाच. सकाळी सहल व्यवस्थापक श्रीरामने तिला सरळ सांगितलं होतं, "मॅडम, फॉर्म चांगले आले तर मे महिन्याच्या सगळ्या गाड्या तुमच्या. नाहीतर आमचा हिंदी गाइड आहेच."

"दोन मिनिटं माइक द्या बरं, ताई." दिगंबरराव उभेच राहिले.

तिने दिला.

"आता गंमत ऐका," ते बसकडे वळून म्हणाले. "इथले पाठीला पाठ लावून बसलेले सेक्टर घ्या. नऊ आणि सतरा, सव्वीस. सतरा आणि बावीस, एकोणचाळीस. बेरीज तेराच्याच पटीत! आणि सेक्टर तेरा? अख्ख्या शहरात नाही! बाराच्या पुढे एकदम चौदा."

बसमध्ये टाळ्या पडल्या. सुखना तलावालासुद्धा पडल्या नव्हत्या.

"अहो, बसा की आता," त्यांच्या पत्नी लीलावती म्हणाल्या. "गाइड त्या आहेत."

"मी चुकीचं सांगतोय का? विचार त्यांना." दिगंबररावांनी माइक परत गिरिजाच्या हातात दिला. "सांगा हो, ताई."

मागच्या सीटवरून श्रीरामने तिला खूण केली. हो म्हणा, पुढे चला.

"बेरीज अगदी बरोबर आहे, काका," गिरिजा म्हणाली. "पण सेक्टर तेरा आहे."

"कुठाय?"

"मनीमाजरा. जुनं गाव. शहराला लागूनच होतं, नंबर तेवढा नव्हता. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यालाच सेक्टर तेरा केलं. मी भाजी तिथूनच आणते."

"माझ्या नकाशात नाही."

"कधीचा आहे नकाशा?"

"एक्याऐंशी सालचा."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

श्रीराम फॉर्मचा गठ्ठा घेऊन जवळजवळ पळतच पुढे आला. "जेवणाआधी फॉर्म उरकून घेऊ या का? काका, तुमच्यापासून."

दिगंबररावांनी फॉर्म मांडीवर घेतला. पेनाचं टोपण काढलं. 'गाइडने दिलेली माहिती कशी वाटली?' याच्यासमोर चार चौकोन होते. पेन शेवटच्या चौकोनावर गेलं आणि तिथे थांबलं. मागच्या तीन रांगांनी माना उंचावल्या. गिरिजा त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिने काही सावरलं नाही, की हसून घेतलं नाही.

दिगंबररावांनी टोपण लावलं.

"आधी दाखवा," ते म्हणाले.

"काका, ते कार्यक्रमात नाही," श्रीराम म्हणाला. "महाराजांनी आमटी उतरवून ठेवलीय. गार होईल."

"होऊ दे. न बघता मी आजवर कशावर शेरा मारलेला नाही."

"माझ्या भावाच्या घरावर मारला होता की," लीलावती म्हणाल्या.

या खेपेला बस उघड हसली. दिगंबररावही अर्धवट हसले, पण उठून दारापाशी जाऊन उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून दोन-चार जणांनी आपापल्या पिशव्या आवरायला घेतल्या.

गिरिजा ड्रायव्हरकडे वाकली. "पाजी, अगली लाइट से मनीमाजरा ले लो."

"वहाँ क्या है, मॅडम?"

"तेरह."

बस जिथे थांबली तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. टायरचं दुकान, त्याला चिकटून मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं, डोक्यावर तारांचा गुंता, कलिंगडाची गाडी. गल्ली आत शिरायची आणि मन मानेल तिथे वळायची. दुकानांच्या पाट्यांवर पत्त्यात जुनं नाव होतं. कोपऱ्यावरच्या निळ्या फलकावर मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं.

दिगंबररावांनी तो फलक हिंदीत वाचला. मग इंग्रजीत वाचला. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिकडच्या फलकावरही तेच आहे ना, ते बघून आले. तोवर निम्म्या बसने त्या फलकाखाली उभं राहून फोटो काढून घेतले होते. कलिंगडवाला चकित होऊन बघत होता.

श्रीराम गठ्ठा काखेत धरून सगळ्यांच्या मागे उभा होता. घड्याळाकडे बघायचं त्याने सोडून दिलं होतं.

दिगंबरराव गिरिजासमोर येऊन उभे राहिले. हात पाठीशी बांधले. बाकीचे सत्तावीस जण त्यांच्या मागे गोळा झाले.

"हं," ते म्हणाले. "इथलं मला काही ठाऊक नाही. बोला, ताई."