नंबर सतरा

“सोळाचं नाव?”

“लेमारा.”

“सतरा?”

“सतरा,” नासिएकू म्हणाली.

“तो नंबर झाला, मावशी. नाव सांगा. हा बोलला की समोरच्याच्या पडद्यावर नाव उमटतं. नव्या डिजिटल वायरलेस सेटची सगळी मजा त्यात आहे.”

“नंबर उमटू दे. मला कळेल.”

गितोंगाने लॅपटॉपवरून मान वर केली. राखीव रानातल्या रक्षकांची नावं या बाईने कागदाशिवाय घडाघडा सांगितली होती, कोणाच्या घरचं कुत्रं चावतं त्याच्यासकट. अडली ती एवढ्या एकाच ठिकाणी. त्याने नावाच्या रकान्यात ‘१७’ टाकलं.

“आणि त्याचा सेट आधी भर,” ती म्हणाली. “म्हणजे तो जाईल.”

सतरा म्हणजे लेपारी, डोंगरावरच्या चौकीचा नाईक. दोन दिवस रजेवर निघाला होता, सेटसाठी थांबला होता. आणि थांबला होता तो वायरलेसच्या खोलीपासून पन्नास पावलांवर, बाभळीच्या पलीकडे, खोलीकडे पाठ करून. गितोंगाने चहाला हाक मारली तर नुसता हात हलवून नको म्हणाला. बाई चहा तर असा करायची की न्येरीच्या ऑफिसात परत जाऊच नये.

मध्ये एकदा पाणी प्यायला तो टाकीकडे वळला. नासिएकूने खांद्यावरची शाल डोक्यावर ओढली नि मागच्या दाराने चालती झाली.

गितोंगाला घोर लागला. निघताना साहेबांनी बजावलं होतं, सेट भर आणि खोलीवरची बाई कशी आहे ते लिहून आण. गेंड्याच्या जिवावर बेतलं असताना रुसवेफुगवे चालत नाहीत. कोणाशी पटत नसेल तर दुसरी बघू. नवऱ्यामागे या खुर्चीवर बाईने सगळं निभावलं होतं, आणि ती खुर्ची आता गितोंगाच्या चार ओळींवर टेकली होती.

“मावशी, त्या सतराने केलंय तरी काय?”

नासिएकू मणी ओवत बसली होती. लाल, पांढरा, लाल.

“माझ्या घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट घेऊन गेला.”

“चोरून?”

“दिवसाढवळ्या. गावादेखत.”

“मग परत नाही मागितलीत?”

“अशी गोष्ट परत मागत नाहीत, बाळा. तुझ्या आईने तुला दूध पाजलं की केबल?” तिने माळ बोटावर ताणून बघितली. ती दोन बोटांना कशीबशी झाली असती. “एक बटण असं बसव, की मी दाबलं तर फक्त सतराला ऐकू जाईल, आणि त्याने दाबलं तर फक्त मला.”

“शिव्या द्यायला?”

“द्यायचं ते देईन. डोंगरापलीकडच्या दवाखान्यापर्यंत आवाज पोचेल ना? तिथे फोन लागत नाही.”

“वरचा नवा टॉवर आहे की. पोचेल.” त्याने बटण बसवलं. वैर असावं तर असं, त्याच्या मनात आलं. खास वेगळी लाइन घेऊन केलेलं.

गितोंगा मुळात मऊ मनाचा. दुपारी त्याने एक बेत केला. सेट हातोहात द्यायचा नियम आहे अशी थाप ठोकून त्याने नासिएकूला बाभळीखाली पाठवलं, आणि लेपारीला पलीकडून बोलावलं. एकदा समोरासमोर आले की काय बोलतील ते बोलतील, मोकळे होतील.

दोघं दहा पावलांवर आली. नासिएकूने सेट होता तिथेच दगडावर ठेवला आणि वयाला न शोभणाऱ्या चपळाईने टाकीमागे गेली. सिंहामागे धावलेला सहा फुटी लेपारी उलट्या पावलांनी थेट काटेरी झुडपात शिरला. सगळं शांत झाल्यावर झुडपातून एक हात बाहेर आला, दगड चाचपला नि सेट आत घेऊन गेला.

स्वयंपाकी म्हातारा लेकुपे हसून हसून जमिनीवर बसला.

“एवढं भांडण?” गितोंगाने विचारलं.

“भांडण? छे. भांडायला आधी भेटावं लागतं.” म्हाताऱ्याने डोळे पुसले. “तू अजून लग्न केलेलं दिसत नाहीस.”

याचा त्याच्याशी काय संबंध, ते गितोंगाला कळलं नाही.

सकाळपर्यंत उरलेले सेट भरून झाले. निघण्याआधी त्याने जड हाताने लिहिलं: ‘कामात चोख, पण नंबर सतराशी छत्तीसचा आकडा. एकमेकांचं तोंड बघत नाहीत. बदली करावी.’ लिहिलेलं परत वाचलं. पलीकडे ती मणी ओवत होती, पण आज तिच्याकडून सारखे निसटत होते. सुंदर चहा कपात निवत होता.

टेबलावरचा सेट टिणटिणला. पडद्यावर उमटलं: १७.

नासिएकूच्या मांडीवरची माळ घरंगळली. तिने शाल पार कपाळापर्यंत ओढली आणि चक्क त्या यंत्राकडेही पाठ केली. मग हात मागे नेऊन, चाचपत, तिने ते बटण दाबलं.

“बोला,” ती भिंतीला म्हणाली.

थोडी खरखर झाली. मग काल झुडपात शिरलेल्या माणसाचा आवाज आला, अदबीने, पण हसू काही त्याला आवरत नव्हतं.

“सासूबाई, मुलगी झाली, तुमची लेक नि ती दोघी सुखरूप आहेत, इथल्या बायका म्हणतात नाक थेट आजीचं आहे, पण मी काय सांगणार, आपल्या रीतीपायी लग्नाला चार वर्षं झाली तरी तुमचं तोंड मी कुठं पाहिलंय?”