साहेबाच्या दिव्याचा मान

भिकाजी तांडेलानं साहेबाच्या थडग्यावरची पणती पेटवली आणि इंग्लंडहून आलेल्या बाईकडे छाती फुगवून पाहिलं. या खाडीकाठी वखार घालणारा पहिला इंग्रज तिच्या घराण्याचा मूळपुरुष होता. त्याचा माग काढत ती इथवर आली होती.

"सांग तिला," तो सुनेला म्हणाला, "दिव्याचा मान आमचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

सून शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं सांगितलं, तसा बाईचा चेहरा उतरला. तिनं पिशवीतून एका जुन्या पत्राची नक्कल काढून सुनेला दिली. सून वाचता वाचता थबकली.

"काय लिवलंय? बोल की!"

"मामंजी, साहेबानं मरण्याआधी हे लिहून ठेवलंय. मीठ चोरलं म्हणून आपल्या तांडेलांच्या मूळपुरुषाला त्यानं वखारीच्या दारात फाशी दिली. आता त्या फाशी दिलेल्याच्याच पोरांनी साहेबाच्या थडग्यावर दिवा लावायचा, पिढ्यान्‌पिढ्या. ही त्यांची शिक्षा."

भिकाजीनं पेटत्या पणतीकडे पाहिलं. याच दिव्यासाठी तो सख्ख्या भावाशी अकरा वर्षं कोर्टात भांडला होता. निकालाच्या दिवशी त्यानं गावभर पेढे वाटले होते. पुढं अंथरुणाला खिळलेल्या भावानं निरोप धाडला, "मरायच्या आधी एकदा तरी मला दिवा लावू दे."

निरोप आला त्याच संध्याकाळी भिकाजीनं पणती घरी आणून ट्रंकेत कुलूपबंद करून ठेवली होती.